यिशूनहून घरी येताना

मुलीच्या घरी राहायचं म्हणजे तोंडाला थोडा लगाम लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही, पण आमच्या पिढीतल्या बायकांना ते ठाऊक असतं. मुलाच्या घरी आई चार शब्द बोलून जाते, सून ऐकते किंवा ऐकत नाही, तो त्या दोघींचा प्रश्न. जावयाच्या घरी मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी आपण वरून घालून घ्यायचं नि गप्प जेवायचं. मी सिंगापूरला गेले तेव्हा हे मनाशी ठरवूनच गेले होते. माझा तिथे राहण्याचा पाससुद्धा जावयांच्या सहीवर निघाला होता.

घर चोआ चू कांगला, अकराव्या मजल्यावर. मुलगी पाया लेबारला एका ऑफिसात, जावई इंजिनियर. दोघं सकाळी साडेसातला बाहेर पडायची ती दिवेलागणीला परत. घरात मी आणि नात. नात तेव्हा तेरा वर्षांची होती आणि फुटबॉल खेळायची.

पुण्याला फोनवर हे सांगितलं की माझ्या बहिणी विचारायच्या, मुलगी आणि फुटबॉल? मी म्हणायचे, हो, इथे खेळतात. मला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बघून बघून कळायला लागलं. ती डावीकडची डिफेंडर होती. समोरून बॉल घेऊन येणारीला अडवायचं, एवढंच तिचं काम. गोल करणारीला सगळे उचलून घेतात. अडवणारीकडे लोकांचं लक्ष जातं ते ती चुकली म्हणजे. मी एकतीस वर्षं दवाखान्यात आया होते, त्यामुळे ही जागा काय असते ते मला चटकन समजलं.

टीम आमच्या वस्तीतल्याच एका क्लबची. कोच चाळिशीचा मलय माणूस, दिवसा व्हॅन चालवून घरोघरी सामान पोचवायचा आणि मंगळवारी, गुरुवारी संध्याकाळी मुलींना शिकवायचा. कमी बोलायचा. गोलकीपर मुलगी आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहायची, चिनी, दातांना तारा लावलेली. ती नि आमची नात सदा एकत्र. लिफ्टमध्ये एवढ्या हसायच्या की मधल्या मजल्यावरचे लोक आत येताना जरा थांबून बघायचे.

मॅच शनिवारी दुपारी, बहुतेक यिशूनच्या मैदानावर. आम्ही तिघं जायचो, नात, जावई आणि मी. मुलीला शनिवारी घरातली कामं असायची. जावई मैदानाच्या कडेला उभे राहून खिशातल्या छोट्या डायरीत लिहायचे. काय लिहायचे ते परत येताना कळायचं.

यिशूनहून चोआ चू कांगला एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, सात स्टेशनं. गाडी उंचावरून जाते, बाहेर हिरवं दिसतं, आत गार वाऱ्यात घाम सुकतो. गाडी सुटली की जावई डायरी उघडायचे.

"सतराव्या मिनिटाला काय झालं?"

"व्हॉट?"

"सतराव्या मिनिटाला बॉल तुझ्या डाव्या बाजूनं गेला. तू कुणाकडे बघत होतीस?"

"नंबर नाइन लाह, बाबा."

"नऊ नंबर तुझी नव्हती. तुझी अकरा होती."

"कोच सेड टेक नाइन."

"कोच म्हणाला असेल. डोळे तुझे आहेत ना?"

सेंबावांग येईपर्यंत पहिला हाफ. वुडलँड्स मागे पडलं की दुसरा. क्रांजीला मैदान संपून झोप, दूध, गणिताचे मार्क असं सगळं यायचं. यू टीला म्हणायचे, "मी तुझ्या भल्यासाठीच सांगतो, बाळा." आणि आमचं स्टेशन आलं की डायरी खिशात ठेवून विचारायचे, "आइस्क्रीम खायचं?" ती म्हणायची, "नो, थँक यू."

हे सगळं अगदी हळू आवाजात. समोर बसलेल्या माणसाला वाटावं, बाप-लेक कसं छान बोलताहेत. माझे जावई आवाज चढवणाऱ्यातले नव्हेत. आवाज चढवला असता तर मला मध्ये पडता आलं असतं. हळू बोलणाऱ्याच्या मध्ये काय पडणार? मी दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचत बसायची. इंग्रजी अक्षरं मी तशीच शिकले, आधी औषधांच्या बाटल्यांवरून आणि मग स्टेशनांवरून.

आता इंग्रजीचं सांगितलंच पाहिजे, कारण घोटाळा तिथेच झाला.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं इकडून तिकडून उचललेलं. पण सिंगापूरचं इंग्रजी मला मानवलं. तिथे 'कॅन' म्हटलं की निम्मी कामं होतात. बाजारात विचारायचं, "कॅन?" तो म्हणतो, "कॅन, कॅन." नाही जमणार तर "कॅनॉट". वाक्य कसं रचायचं ही काळजीच नाही, शेवटी नुसतं 'लाह' लावलं की झालं. सहा महिन्यांत मी फोन उचलायला लागले. आणि निरोप देण्यात तर माझा हात कुणी धरणार नाही, असं मला वाटायचं. दवाखान्यात डॉक्टर सांगायचे, निरोपात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, ऐकलं तेवढं सांगायचं. मी तसंच करायची. ऐकलं तेवढं सांगायचं हे ठीक, पण सगळंच ऐकू आलं नसेल तर काय करायचं, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी टीम हरली. तीनपैकी दोन गोल नातीच्या बाजूनं झाले. त्या दिवशी डायरी क्रांजीपर्यंत संपली नाही. सोमवारी दुपारी मी एकटी घरात असताना फोन वाजला. कोच होता. रस्त्यावरून बोलत होता, मागे ट्रकांचा आवाज, मधेच त्याचा आवाज जायचा. मी फोनजवळच्या पाटीवर ऐकेन तसं देवनागरीत लिहून घेतलं. कोच. सॅटरडे. कॅनॉट मेक इट. नेव्हर माइंड.

नात शाळेतून आली, दप्तर टाकलं, पाणी प्यायली. मी म्हटलं, "तुझ्या कोचचा फोन होता."

"व्हॉट ही से?" ती म्हणाली.

मी पाटी वाचून दाखवली. "सॅटरडे, कॅनॉट मेक इट, नेव्हर माइंड."

ती थांबली. "शनिवारचं बोलला?"

"हो, शनिवारचंच."

"एक्झॅक्टली असं? कॅनॉट मेक इट?"

"शब्दन् शब्द," मी म्हटलं, आणि मला थोडा अभिमानही वाटला.

"ओके," ती म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, कोचला कुठेतरी जायला जमणार नसेल. मी कणीक मळायला घेतली.

पुढच्या मंगळवारपासून पोरगी बदलली. प्रॅक्टिसला जायची, पण संपायच्या आधीच घरी. जेवताना भात इकडून तिकडे करायची. नवव्या मजल्यावरची मैत्रीण दार वाजवायला आली तर मला खुणेनं सांगायची, झोपलेय म्हणून सांग. मी सांगायची. दुपारी चारला कुणी झोपतं का, हे त्या मुलीलाही कळत होतं. दोनदा आली, तिसऱ्यांदा नाही आली.

मी विचारलं, "भांडलात का?"

"नो."

"मग?"

"दे ऑल हॅड ट्रेनिंग सॅटरडे मॉर्निंग. डिफेंडर्स अँड गोलकीपर. नोबडी टोल्ड मी."

"मग विचार ना तिला, मला का नाही सांगितलं म्हणून."

तिनं नुसती मान हलवली. काही विचारलं की उत्तर मिळतं, आणि तिला ते उत्तर नको होतं. हे मला आता समजतं. तेव्हा मी म्हटलं, वयच तसं आहे.

मग पोट दुखायला लागलं. आधी फक्त शनिवारी, मग शुक्रवारी रात्रीपासून. यिशूनला मॅचच्या आधी ती बाथरूममध्ये जाऊन उलटी करायची. मी पाठीवरून हात फिरवायची, तोंड धुवायला लावायची, ती जर्सी सारखी करून मैदानात जायची आणि बॉल समोर आला की अर्धं पाऊल मागे सरायची. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही.

जावई म्हणाले, "टेन्शन सगळ्यांनाच येतं. सवय लावून घ्यायची."

मुलगी म्हणाली, "सोडू दे ना तो फुटबॉल. परीक्षा आल्यात."

"अर्ध्यात सोडायचं नाही," जावई म्हणाले. "ही सवय लागली की आयुष्यभर माणूस अर्ध्यात सोडतो."

नात ताटाकडे बघत म्हणाली, "आफ्टर धिस मंथ आय स्टॉप." आणि उठून गेली.

ते ऐकून मुलीला बरं वाटलं आणि जावयांना वाईट. मला आणखी काही वेगळंच वाटलं. त्या पोरीला फुटबॉल आवडत होता. जे आवडतं ते सोडते म्हणताना माणूस रडतं, चिडतं. ही अशी म्हणाली, जसं काही लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जाते. दवाखान्यात मी अशा बायका पाहिल्या होत्या. कुणी बोलतं करायला गेलं की म्हणायच्या, माझं काही नाही, मी बरी आहे. त्यांच्या खाटेजवळून मी लवकर हलायची नाही. इथे मात्र मी कणीक मळत होते.

रविवारी सकाळी आमच्या घरी बुद्धवंदना व्हायची, मेणबत्त्या लावायच्या, सगळ्यांनी बसायचं. त्या रविवारी ती बसली, पण ओठ हलत नव्हते. नंतर मी पिशवी घेऊन बाजारात गेले.

मासळीवाला म्हातारा चिनी, माझ्याच वयाचा, रबरी बूट घातलेला. मला ओळखायचा. मी बर्फावरचं एक मोठं पापलेट उचललं. तो म्हणाला, "आंटी, दॅट वन डोंट टेक. कॅनॉट मेक इट."

मी विचारलं, "व्हाय? ही गो व्हेअर?"

मला वाटलं, पापलेटाला कुठे पोचायचं राहिलंय. म्हातारा शेजारच्या भाजीवालीला चिनीत काहीतरी म्हणाला, ती दोघं हसली. मग तो मला म्हणाला, "नॉट गो, आंटी. कॅनॉट मेक इट मीन्स नो गूड लाह. यूसलेस. सी द आय." त्यानं माशाचा डोळा दाखवला. पांढरा पडलेला.

मी ते पापलेट परत बर्फावर ठेवलं. दुसरंही घेतलं नाही. तो मागून हाका मारत होता, "आंटी, धिस वन गूड, धिस वन फ्रेश." मी तशीच घरी आले.

पाटीवर मी जे लिहिलं होतं ते मनात पुन्हा वाचलं. सॅटरडे. कॅनॉट मेक इट. नेव्हर माइंड. दोन गोल जिच्या बाजूनं झाले त्या पोरीला मी हे वाचून दाखवलं होतं. शनिवारी तू कुचकामी होतीस, जाऊ दे. आणि वर सांगितलं होतं, शब्दन् शब्द.

तिला तिच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. फोन तुटत होता, मला मधलं ऐकू आलं नव्हतं, आणि त्या शब्दांचा असा अर्थ होतो हे मला आज एका माशामुळे कळलं. ती ऐकत होती. माशाचं सांगितलं तेव्हा नाकातून थोडी हसली.

"मे बी ही रिअली सेड इट," ती म्हणाली.

"मग विचारू त्याला."

"डोंट, आजी. सो एम्बॅरसिंग."

"तू नको विचारू. मी विचारते. माझी चूक, माझं तोंड."

मंगळवारी मी मैदानावर गेले. मुली धावत होत्या. कोच कडेला शंकूसारखे प्लॅस्टिकचे खुंट मांडत होता. मी म्हटलं, "कोच, दॅट डे यू फोन. यू से माय ग्रँडडॉटर कॅनॉट मेक इट?"

त्याला आधी आठवेना. मग आठवलं. "नो, नो, आंटी. आय से इफ. सॅटरडे मॉर्निंग एक्स्ट्रा ट्रेनिंग. इफ शी कॅनॉट मेक इट, नेव्हर माइंड." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "शी नेव्हर कम. आफ्टर दॅट शी नेव्हर टॉक टू मी. आय थिंक शी अँग्री विथ मी, सो आय लीव्ह हर अलोन."

म्हणजे बघा, तीन आठवडे तो माणूस माझ्या नातीला मोकळीक देत होता आणि ती समजत होती, याला माझ्याकडे बघायचीसुद्धा इच्छा नाही. एक 'इफ' गळला, त्याचं एवढं झालं. मराठीत आपण 'जर' असा ठसक्यात म्हणतो की तो ट्रकाच्या आवाजातसुद्धा ऐकू येईल. इंग्रजीतला 'इफ' म्हणजे नुसती फुंकर.

त्यानं शिट्टी वाजवून नातीला बोलावलं. मी मुद्दाम लांब बाकावर जाऊन बसले. दोघं काय बोलली ते ऐकू आलं नाही. ती मान हलवत होती, बुटानं गवत उकरत होती. मग गोलकीपर मैत्रीण आली, हातमोजे काखेत, आणि तिनं नातीच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "काय म्हणाला?"

"ही सेड सॉरी. फॉर व्हॉट, ही ऑल्सो डोंट नो."

"आणि ती?"

"शी सेड आय स्टुपिड. थ्री वीक्स डोंट वॉन्ट टू आस्क."

मला वाटलं, मिटलं. जेवताना तिनं दुसऱ्यांदा भात घेतला. मी जावयांना किंवा मुलीला काहीच सांगितलं नाही. आपल्या हातून झालेलं आपणच निस्तरलं, आता कशाला चार लोकांत काढा, असं माझं गणित.

शनिवारी यिशूनला तिनं पुन्हा उलटी केली.

मी बाथरूमच्या दारात उभी होते. ती बेसिनवर वाकलेली. मी म्हटलं, "आता कशाला गं? कोच तर तसं म्हणालाच नव्हता."

"आय नो."

"मग?"

तिनं तोंड पुसलं. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाली, "बट बाबा सेज इट. एव्हरी वीक. ही जस्ट टेक्स यिशून टू चोआ चू कांग टू से इट."

बाहेर शिट्टी झाली, ती गेली.  कुठल्यातरी मुलीचा नळ वाहत होता तो बंद केला. माझा निरोप तिनं एका क्षणात खरा का मानला, हे मला तेव्हा कळलं. तिच्या मनात तो आधीच पोचलेला होता. मी फक्त कोचचं नाव लावलं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत डायरी निघाली. मी नकाशा वाचला. पण रविवारी सकाळी मुलगी अंघोळीला गेलेली, नात झोपलेली, जावई टेबलाशी पेपर वाचत होते, तेव्हा मी त्यांच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली आणि समोर बसले. एरवी मी त्यांच्या समोर बसत नसे.

"तुमच्याशी बोलायचंय," मी म्हटलं. "आधी माझी चूक सांगते."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मी फोन, पाटी, पापलेट सगळं सांगितलं. 'ही गो व्हेअर' ऐकून ते मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाले, "आई, हे ऑफिसात सांगतो मी." मी त्यांना हसू दिलं. मग ती आरशात बघून काय म्हणाली ते सांगितलं. तेही शब्दन् शब्द सांगितलं, आणि या वेळी मधलं काही गळलं नव्हतं.

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून विझलं. पोह्यांतले शेंगदाणे चमच्यानं बाजूला करत बसले.

"मी तिला कधी रागावलो नाही," ते म्हणाले.

"नाही. मी साक्षीदार आहे."

"मी फक्त सांगतो, कुठे सुधारता येईल."

"हो."

"आई, तुम्हाला माहीत आहे आम्ही कुठून आलो. आमच्या वस्तीतल्या पोराला साठ टक्क्यांवर कुणी शाबासकी दिली नाही. नव्वद पडले तरी मास्तर म्हणायचा, कॉपी केलीस का. दुप्पट चांगलं असावं लागलं, तेव्हा कुठे बरोबरीनं बसायला मिळालं. हिला इथे कुणी काही म्हणत नाही आज. उद्या म्हणतील."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. माझ्या नवऱ्यानंही हेच भोगलं, मीही. मी उठून जाऊ शकले असते. माझा पास, माझी खोली, मुलीचा संसार, सगळं त्या टेबलावर होतं. जावयांनी 'आई, तुम्ही यात पडू नका' म्हटलं असतं तर पुढचे दिवस त्या घरात मला पाणी मागायलाही जड गेलं असतं.

मी म्हटलं, "तुम्हाला मास्तर म्हणायचे. बाहेरचे म्हणायचे. घरी कुणी म्हणत होतं का?"

त्यांनी आणखी एक शेंगदाणा बाजूला केला.

"तुमच्या आईंना अक्षरओळख नव्हती. तुम्ही पेपर आणून दाखवलात तर त्या काय करायच्या?"

ते म्हणाले, "उलटा धरायची. आणि म्हणायची, छान आहे, जेव."

"मग?"

"मग काय. जेवायचो."

 मुलगी बाथरूममधून आली, आम्हाला दोघांना समोरासमोर बसलेलं बघून म्हणाली, "काय झालं?" जावई म्हणाले, "काही नाही. पोहे छान झालेत." पोहे गार झाले होते.

त्यानंतरचा शनिवार महिन्यातला शेवटचा होता. नात सोडणार म्हणाली होती तो. सकाळी पोट दुखत होतं, पण उलटी झाली नाही. झाली असती तरी मी आश्चर्य मानलं नसतं. टीम दोन-एकनं हरली. त्यातला एक गोल तिच्या बाजूनं. जावई कडेला उभे होते, हात खिशात. डायरी खिशातच होती, चौकोनी उंचवटा दिसत होता.

गाडीत बसलो. सेंबावांग आलं, कुणी बोललं नाही. अ‍ॅडमिरल्टी आलं. मला वाटत होतं, शांतता म्हणजे सुखच असेल, पण तसं नव्हतं. जावई दोनदा तोंड उघडून मिटवून बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या माणसाकडे मुलीशी बोलायला दुसरं काही नव्हतंच. चुका काढणं हीच त्यांची तिच्याशी गप्पा मारायची रीत होती. ती काढून घेतली तर हात रिकामे.

वुडलँड्सला नातच म्हणाली, "बाबा, यू सिक?"

"नाही."

"देन व्हाय यू नॉट सेइंग?"

"काय सांगू?"

"द गोल. माय साइड."

ते म्हणाले, "तू सांग. तुला काय वाटलं?"

तिनं खांदे उडवले. मग सांगायला लागली. पाय घसरला, ती अकरा नंबरची मुलगी फार फास्ट, मैत्रीण मागून ओरडली तेव्हा उशीर झाला होता, नंतर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. जावई ऐकत होते. एकदा "पण तू जर" असं म्हणून थांबले. ती वाट बघत होती. त्यांनी पुढचं गिळलं.

"व्हेन यू वेअर स्मॉल, यू प्लेड?" तिनं विचारलं.

"कबड्डी. शाळेच्या मागे."

"योर फादर केम टू सी?"

"त्यांना सुट्टी नसायची."

"मदर?"

"ती कामाला."

"सो नोबडी वॉच्ड?"

"नाही. कुणीच नाही."

"लकी," ती म्हणाली.

 गाडी मार्सिलिंगला थांबली, दारं उघडली, मिटली. मग ते हसले, हळू, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. क्रांजी गेलं, यू टी गेलं. तिनं बूट काढून पायाच्या अंगठ्याला आलेला फोड दाखवला. त्यांनी तो पाय हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून नीट बघितला आणि म्हणाले, "फोडू नकोस, आपोआप बसेल."

त्यांची सवय एका आठवड्यात गेली नाही. पुढेही कधी बोलता बोलता आवाज डायरीसारखा व्हायचा. मग नात इंग्रजीत काहीतरी टोचून बोलायची आणि ते थांबायचे, किंवा थांबायचे नाहीत. पोटदुखी आणखी दोन-तीन महिने अधूनमधून येत राहिली. मी फोनवरचे निरोप देणं बंद केलं नाही, पण आता समोरच्याला म्हणायची, स्लोली, वन मोअर टाइम, आणि त्यात मला कमीपणा वाटेनासा झाला.

तो महिना संपला. ती सोडते म्हणाली नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी बूट घेऊन ती निघाली, आणि दार ओढून घेताना म्हणाली, "आजी, फोडावर लावायला काही आहे का?"

मी पट्टी काढून दिली.